पोटाऐवजी गुडघा

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी चार-दोन वर्षांची ही गोष्ट. मी तेव्हा वीसेक वर्षांची होते आणि पाच महिने खाटेवर आडवी पडून होते. आजारी नव्हते हो, पोटुशी होते. पण त्याआधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा गेलं होतं, पहिलं चौथ्या महिन्यात आणि दुसरं सहाव्यात. म्हणून या खेपेला नंदुरबारच्या डॉक्टरांनी बजावलं, की उठायचं नाही, वाकायचं नाही, भरलेला तांब्यासुद्धा उचलायचा नाही. खाटेच्या पायथ्याखाली विटा लावून दिल्या. डोकं खाली आणि पाय वर. तशा अवस्थेत मी दिवसभर मातीच्या धाब्याच्या छताला लावलेल्या लाकडी कड्या मोजायची. अकरा होत्या. रोज मोजल्या तरी अकराच भरायच्या.

आमचं गाव तापीकाठचं. घरची शेती, कापूस आणि मिरची. शेत माझा नवरा बघायचा. सासरे मराठी शाळेतले मास्तर, नुकतेच पेन्शनीत निघालेले. सासूबाई म्हणजे घरचा कणा आणि तोफखाना, दोन्ही. घरात आम्ही चारच माणसं, आणि पाचवं यायचं की नाही याच्या धाकात चौघंही. त्या धाकाचं कोणी नाव काढायचं नाही. पण त्या वर्षी सासूबाईंनी घरची मिरची अंगणात वाळत घातली नाही, लांब शेतातल्या खळ्यावर नेऊन पसरली. मिरचीचा खकाणा उडाला तर सुनेला ठसका लागेल, आणि ठसक्यानं पोट हललं तर? तरी एखाद्या दुपारी वारा फिरायचा आणि गावातल्या बाकीच्या अंगणांतला खकाणा थेट माझ्या नाकात शिरायचा. मग मी दोन्ही हातांनी पोट घट्ट धरून, श्वास कोंडून, शिंक गिळून टाकायची. शिंकेला इतकं भिणारं माणूस तुम्ही पाहिलं नसेल.

मी मुळात तोंडाळ. बडबड केल्याशिवाय मला अन्न पचत नाही. पण बोलू कोणाशी? नवरा दिवसभर शेतात, सासूबाई चुलीपाशी नाहीतर खळ्यावर. सासऱ्यांशी तर बोलायची रीतच नव्हती. लग्नाला चार वर्षं झाली होती, मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते आणि ते माझ्याशी नाही. त्यांना मला काही सांगायचं झालं तर ते भिंतीला सांगायचे, ‘पाणी ठेवा म्हणा’, आणि मी ते भिंतीकडून ऐकायची. आमच्याकडे असंच असायचं.

माझी चिडचिड वाढली तेव्हा नवऱ्यानं एक युक्ती काढली. नंदुरबारला मिरचीची गाडी घेऊन गेला होता, येताना तिथल्या वाचनालयातून एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी घेऊन आला. मी चार इयत्ता शिकलेली, हपापल्यासारखा हात पुढे केला. तर सासूबाईंनी मध्येच पुस्तक उचललं. उलट्या डोक्यानं वाचलं की डोळ्यांतून ताकद उतरते, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. शेवटी तोड निघाली, की सासऱ्यांनी दुपारी ओसरीवर दाराआड बसून मोठ्यानं वाचायचं आणि मी आत पडून ऐकायचं. सासूबाई उंबऱ्यापाशी सुपात काहीतरी निवडत बसणार. म्हणजे रीतही राहिली आणि माझं मनही रमलं.

सासऱ्यांचा आवाज खणखणीत होता. घरी ते आमच्यासारखेच अहिराणी बोलायचे, पण पुस्तक हातात आलं की त्यांची भाषा बदलायची, एकदम पुणेरी. शाळेत म्हणे कोणी ‘आहे’ला ‘शे’ म्हटलं, की पट्टी उगारायचे. तर पहिल्या दुपारी गड आला, बुरूज आले, सरदार आले. मोठी मजा आली. आणि दुसऱ्याच प्रकरणात एका फितुरानं किल्लेदाराच्या पोटात कट्यार खुपसली.

सासूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

“बंद करा ते!” त्या ओरडल्या. “पोटुशी बाईना म्होरे कोणी पोट फाडस का? काही अक्कल शे का नही तुम्हले?”

आमच्याकडे पोटुशीच्या कानावर वाईट शब्द पडू देत नाहीत. पोटातलं ऐकतं म्हणतात. मी मनात म्हटलं, ऐकू दे की, चार शब्द शिकेल. पण खरं सांगते, सासूबाई ओरडल्या तेव्हा माझाही हात आपोआप पोटावर गेला होता. सासऱ्यांनी पुस्तक मिटलं आणि ते उठून गेले. गेली माझी गोष्ट, असं वाटून मला रडूच फुटलं.

पण दुसऱ्या दिवशी ते दुपारी परत येऊन बसले. खाकरले, आणि कालच्याच जागेपासून वाचायला लागले. या वेळी फितुरानं कट्यार किल्लेदाराच्या गुडघ्यात खुपसली, आणि किल्लेदार जागच्या जागी गतप्राण झाला.

मला काही कळेना. म्हटलं, काल माझ्याच कानांनी चुकीचं ऐकलं की काय? सासूबाई शांतपणे तीळ निवडत होत्या. पुढे लढाई लागली. कोणाच्या गुडघ्यात भाला घुसला, कोणाचा गुडघा फाडला गेला, एका हत्तीनं तर सोंडेत धरून माणसाच्या गुडघ्यावर पाय दिला आणि त्याची आतडी बाहेर काढली. गुडघ्यातून आतडी! मी उशी तोंडात कोंबली. मग एक तरणाबांड स्वार निघाला. त्यानं रिकिबीत पाय अडकवले आणि घोड्याच्या गुडघ्याला टाच मारली. आता मला सांगा, घोड्यावर बसलेला माणूस घोड्याच्या गुडघ्याला टाच मारील कसा? त्याचे पाय काय जमिनीपर्यंत लांब होते?

संध्याकाळी नवरा जेवून माझ्या खाटेपाशी आला तेव्हा मी त्याला विचारलं, “हाई काय पुस्तक शे? गुडघामा वार लागी माणूस मरस का?”

“ज्यानं लिव्हं त्याले इचार,” तो म्हणाला आणि उठून गेला. पण जाताना त्याच्या मिशीत हसू होतं.

चांगलं पोटही पुस्तकात होतं म्हणा. ते सासरे न बदलता वाचायचे, उलट जरा आवाज चढवून. आईनं लेकराला पोटाशी धरलं, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं होतं. एकदा एक सरदार चूक कबूल करून राजासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘महाराज, माझा अपराध पोटात घालावा.’ सासूबाईंनी मान वर केली.

“पोटमा घालाले ते काय भाकर शे?”

सासऱ्यांनी त्यांना समजावून सांगितलं, की पोटात घालणं म्हणजे माफ करणं, चूक गिळून टाकायची आणि परत काढायची नाही. त्यावर सासूबाई म्हणाल्या, मग तुमच्या चुका घालून घालून माझं पोट केव्हाच फुटायला पाहिजे होतं. ‘फुटायला’ हा शब्द तोंडातून गेला मात्र, त्यांनी चटकन जीभ चावली आणि माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. त्या दुपारी पुढचं वाचन झालं नाही.

पाचवा महिना सरला. सहावा लागला. सहावा म्हणजे माझा वैरी महिना, मागच्या खेपेला त्यातच घात झाला होता. मी सकाळी डोळे उघडले की आधी पातळ चाचपायची, कोरडं आहे ना. कोरडं असलं की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा, आणि घटकाभरानं पुन्हा चाचपायची. बाळ हललं की भीती वाटायची इतकं का हलतंय, आणि गप्प राहिलं की भीती वाटायची गप्प का आहे. हे सगळं कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सासूबाईंचा चेहरा पाहिला की माझंच बोलणं बंद व्हायचं. त्या दिवसातून दहादा दारात येऊन उभ्या राहायच्या, काही न बोलता माझ्या पायांकडे बघायच्या आणि परत जायच्या.

अशाच एका दिवशी सासूबाई खळ्यावर गेल्या होत्या आणि सासरे पारावर. पुस्तक कोनाड्यात होतं, खाटेवरून हात लांबवला तर पोचेल इतकं. मी म्हटलं, बघूया तरी हे गुडघ्याचं काय प्रकरण आहे. मी ते काढलं आणि छातीवर मधूनच उघडलं.

पहिलंच पान उलटलं तर कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं: ‘गु’. मी चमकले. पुढच्या पानावर दोन ठिकाणी ‘गु’. त्याच्या पुढे परत ‘गु’. अगं बाई! तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, आणि वाचनालयाच्या पुस्तकात हे असलं लिहितो? मी ते लाजून मिटलंच होतं. मग राहवेना म्हणून पुन्हा उघडलं आणि ‘गु’च्या शेजारची ओळ वाचली. ‘भाला त्याच्या पोटात शिरला.’ दुसऱ्या ‘गु’पाशी ‘पोट’. तिसऱ्यापाशीही ‘पोट’. जिथे जिथे वाईट पोट, तिथे तिथे ‘गु’, म्हणजे गुडघा! घोड्याच्या पोटाला टाच मारली होती त्या बिचाऱ्यानं. सासऱ्यांनी घोड्याच्या पोटालासुद्धा माझ्यासमोर लाथ लागू दिली नव्हती. गुडघाच का, तर त्यांचा स्वतःचा गुडघा दुखायचा, वाचताना एक हात कायम त्याच्यावर असायचा. हाताशी तोच अवयव होता.

मला हसू फुटलं. दाबलं तर आणखीच फुटलं. हसता हसता खाट करकरायला लागली, आणि तेवढ्यात ओटीपोटात एक कळ आली.

हसू जागच्या जागी गोठलं. कळ गेली, आणि परत आली. मी पुस्तक छातीवर तसंच धरून वर बघत राहिले. कड्या मोजायला लागले, तर सातच्या पुढचा आकडा आठवेना. हाक मारावी तर घरात कोणी नाही, आणि हाक मारायला जोर लावावा लागणार, त्यानं काही झालं तर? मी बाळाला म्हटलं, नाही हसणार रे, परत नाही हसणार, तू फक्त थांब. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग कळा विरल्या. बाळानं आतून हळूच ढुशी दिली तेव्हा मी हुंदके देऊन रडले, आणि मग रडायलाही भ्यायले. सासूबाई आल्या तेव्हा पुस्तक कोनाड्यात होतं आणि मी गप्प होते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

पण त्यानंतर पुस्तक चोरून वाचायचा मला नादच लागला. दुपारी सासऱ्यांकडून गुडघा ऐकायचा आणि एकटी असले की खरं काय ते बघायचं. हळूहळू मला ‘पोट’ हा शब्द पानावर लांबूनच दिसायला लागला. केवढी पोटं त्या एका पुस्तकात! डोंगराच्या पोटात भुयार होतं, तोफेच्या पोटात दारू ठासत होते. शिपाई पोटासाठी चाकरी करत होते आणि त्यांचा पगार तुंबला की आमच्या पोटावर पाय देऊ नका म्हणत होते. फितूर सरदार गोड बोलून राजाच्या पोटात शिरला होता. कोणी आपलं गुपित पोटात ठेवत होता, कोणाच्या पोटात बातमी ऐकून धस्स होत होतं. पुरुषांच्या पोटांचं केवढं कौतुक! आणि बायकांचं? ‘राणीच्या पोटी पुत्र झाला.’ संपलं. एवढंच. नऊ महिने एका वेलांटीत उरकले. त्या राणीनं कधी सकाळी उठून आपलं पातळ चाचपलं असेल का, याचा लिहिणाऱ्याला पत्ताच नव्हता. मला त्या लेखकाचा असा राग आला, की समोर असता तर पायथ्याच्या विटा काढून त्याला त्याच खाटेवर झोपवलं असतं.

सातव्यात मी गोष्टीच्या पुढे गेले. सासऱ्यांचं वाचन जिथे थांबलं होतं तिथून पुढची दोन प्रकरणं मी एका दुपारी वाचून काढली. ते न वाचते तर बरं झालं असतं. गडाला वेढा पडला. धाकट्या राणीला दिवस गेलेले. तिला रात्रीतून भुयारातून बाहेर काढतात, ती काट्याकुट्यांतून चालते, आणि आठव्या महिन्यात मूल पोटातच जातं. लेखकानं एवढं एकच बाईचं पोट नीट लिहिलं होतं, पानभर, आणि तेही असं.

त्या पानाच्या कडेला ‘गु’ नव्हता. इथे गुडघा कसा चालणार? तिथे एक घडी घातलेला कागद होता, शाळेच्या वहीतून फाडलेला. मी तो उलगडला. सासऱ्यांचं अक्षर, वळणदार, रेघेखाली टांगलेलं. त्यांनी ते पान नव्यानं लिहून काढलं होतं.

‘तदनंतर राणीसाहेबांस आठवा मास लागला. मार्ग बिकट होता, तथापि बरोबरच्या मंडळींनी त्यांस पालखीतून हळूहळू नेले व कोठेही धक्का लागू दिला नाही. पोटमा बाळ सुखरूप होते. पूर्ण दिवस भरल्यावर राणीसाहेब प्रसूत झाल्या. बाळ मोठ्याने रडले. सर्वांस आनंद झाला.’

अख्ख्या कागदावर खाडाखोड. ‘आनंद’ तीनदा खोडून तीनदा लिहिलेला. आणि मधोमध ‘पोटमा’. ‘पोटात’ नव्हे, ‘पोटमा’! पोरांनी ‘शे’ म्हटलं तर पट्टी उगारणाऱ्या मास्तरांच्या हातून अहिराणी उतरली होती आणि त्यांना ती दिसली नव्हती. किती भ्याले असतील हो ते, हे लिहिताना. तोपर्यंत मला वाटायचं भीती फक्त मलाच आहे, बाकीचे आपले काळजी करतात. त्या एका अक्षरानं मला कळलं, की ओसरीवरचा तो म्हातारा माझ्याइतकाच भ्यालेला आहे. मी कागद होता तसा घडी घालून ठेवला.

चार दिवसांनी वाचन त्या पानापाशी आलं. सासूबाई उंबऱ्यात होत्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले. सासऱ्यांनी घसा खाकरला, पान उलटल्याचा आवाज आला, कागद उलगडल्याचा आवाज आला. “मार्ग बिकट होता,” त्यांनी वाचलं. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. “तथापि बरोबरच्या मंडळींनी...” आणि मग ते ‘पोटमा’सुद्धा तसंच वाचून गेले, न अडखळता. सासूबाईंना काहीच वावगं वाटलं नाही, त्यांच्या कानाला तोच शब्द बरोबर होता. बाळ मोठ्यानं रडलं, सर्वांस आनंद झाला. सासूबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “बरं जायं माय, राणी सुटनी.” मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. मला खरं पान ठाऊक होतं आणि तरी मला हेच पान खरं व्हायला हवं होतं.

आठवा लागून आठच दिवस झाले होते. सकाळी सासूबाई चूल पेटवत होत्या आणि माझं पातळ भिजलं. मी चाचपलं. इतके दिवस रोज चाचपत होते आणि त्या सकाळी ते ओलं होतं.

“आत्याबाई,” मी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, त्यांनी पाहिलं आणि दाराची चौकट धरली. नवरा सुईणीला आणायला धावला. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. आठव्यातलं जगत नाही असं तेव्हा सगळ्या बाया म्हणायच्या, सातव्यातलं जगतं पण आठव्यातलं नाही, आणि ते माझ्या डोक्यात घणासारखं वाजत होतं. ऊन अंगणात आलं होतं तेव्हा मुलगी झाली. सुईणीच्या एका तळहातावर मावली. रडली नाही. सुईणीनं तिला पायाला धरून उलटं केलं, पाठीवर चापट मारली. नाही रडली. दुसरी मारली. ओसरीवर कोणीतरी श्वास रोखून उभं होतं, ते मला आतून कळत होतं. तिसऱ्या चापटीला मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज निघाला. मोठ्यानं मुळीच नव्हता. पण होता.

सुईणीनं घरच्याच कापसाची सरकी काढायला लावली, तो पिंजून त्यात पोरीला गुंडाळलं, आणि समोरून कापूस उघडा ठेवून तिला माझ्या उघड्या पोटावर पालथं घातलं.

“पोटले लाई ठेव. कपडा नको मझार,” ती म्हणाली. “आजून ती मझारच शे, आसं समज.”

मग मी तसंच समजले. सव्वा महिना ती आतच आहे असं समजले, फक्त कातडीच्या या बाजूला. तिला ओढायची ताकद नव्हती. दूध पिळून, कापसाची वात भिजवून तिच्या ओठांवर थेंब थेंब सोडायचे. ती श्वास घ्यायची आणि मध्येच विसरायची. मी बोटानं तळवा खाजवला की पुन्हा आठवण झाल्यासारखा घ्यायची. मला झोपायची भीती वाटायची, झोपले आणि ती विसरली तर? सासूबाई आणि मी पाळी लावून तिचे श्वास राखत होतो. पाचवीला सासूबाईंनी पाटा-वरवंटा पुजला, पण बारशाचं नाव काढलं नाही. नाव ठेवलं आणि गेली तर, हे त्या बोलल्या नाहीत, मीही नाही. त्या अख्ख्या पुस्तकात इतकी पोटं होती, पण ज्याच्यावर बाहेरून लेकरू जगवतात असं पोट त्यात कुठेच नव्हतं.

त्या दिवसांत ओसरीवर वाचन नव्हतं. सासरे दाराशी फिरकलेसुद्धा नाहीत. मला वाटलं, मुलगी झाली म्हणून रुसले असतील, आणि मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडून घेतलं.

सव्वा महिन्यानं सुईण आली. पोरीला हातात घेऊन जोखलं, तिच्या तोंडात बोट दिलं. पोरीनं ते असं ओढलं, की सुईण हसली. “आते वाचनी वं तुन्ही अंडेर,” ती म्हणाली. तुझी लेक वाचली आता. सासूबाई खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

त्याच दिवशी दुपारी ओसरीवर सासऱ्यांची काठी वाजली. दुसऱ्या दिवशी नवरा नंदुरबारला जाणार होता आणि पुस्तक परत द्यायचं होतं, वाचनालयाचे दोन निरोप येऊन गेले होते. सासरे पुस्तक घेऊन दाराआड उभे राहिले. आत मी आणि पोरगी दोघीच. रीतीप्रमाणे ते माझ्याशी बोलणार नव्हते. पण आता घरात भिंतीशिवाय आणखी एक जण होतं.

“बाय,” ते माझ्या पोटावरच्या पोरीला म्हणाले, “तुन्ही मायले सांग. तुन्हा आजानी खोटं वाचं. त्या राणीनं पोर वाचनं नव्हतं.”

मी पोरीच्या पाठीवरचा कापूस सारखा केला.

“तुन्ही आजीनं पहिलं पोर आठवा महिनामाच गयं,” ते म्हणाले. “मी तवय बाहेर शाळाना हजेरीपट भरत बठेल व्हतू. ती आत रडे, आनि मी एक शबद बोलनू नही. काय बोलानं ते माले उमगनंच नही.” मग घोगऱ्या आवाजात, “या खेपले जे सुचनं ते बोलनू. खोटं व्हतं. तुन्ही मायले सांग, पोटमा घाल.”

चार वर्षांत ते माझ्यासाठी इतकं कधी बोलले नव्हते. चौकटीला टेकलेला त्यांचा हात मला दिसत होता. सासूबाई दारात येऊन कधी उभ्या राहिल्या मला कळलं नाही. सासूबाईंचं पहिलं पोर आठव्यात गेल्याची गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. त्या माझ्या पायांकडे दिवसातून दहादा का बघायच्या, तेही तेव्हाच कळलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर खाली घातली, पण त्या गेल्या नाहीत.

मी तोंडाळ बाई, गप्प राहणं मला कधी जमलंय? मी पोरीच्या टाळूवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, “बाय, आजाले सांग, मन्ही मायनी खरं पान आधीच वाची टाकेल व्हतं. तरी ती आयकत व्हती.” आणि मग राहवेना म्हणून, “आनि सांग, मास्तरसायेब, ‘पोटमा’ नही, ‘पोटात’.”

बाहेर कागद उलगडल्याचा आवाज आला. मग सासऱ्यांचं हसणं आलं, आधी नाकातून, मग घशातून, आणि ते कुठे हसण्याचं थांबून रडण्याचं झालं ते मला सांगता येणार नाही. सासूबाई बाहेर गेल्या आणि त्यांच्या शेजारी ओसरीवर टेकल्या. रीत अशी नव्हती, पण टेकल्या.

थोड्या वेळानं पेन्सिल खोडायचा रबर घासल्याचा आवाज येऊ लागला. ते बसून एकेक ‘गु’ पुसत होते, वाचनालयवाला काय म्हणेल म्हणून. संध्याकाळपर्यंत पुसत होते. शेवटी दाराआडून त्यांनी पोरीला विचारलं, “बाय, तुन्ही मायले इचार, तो कागद काय करू? फाडी टाकू का?”

मी पोरीला पोटाशी जरा वर घेतलं. ती दूध ओढत होती, चांगलं जोरात, दुखेपर्यंत.

“नका फाडू,” मी म्हटलं, आणि या वेळी पोरीला नाही, त्यांनाच म्हटलं. “पुस्तकमाच ऱ्हाऊ द्या, मामा. आजून कोनी पोटुशी वाचील.”

त्यांनी कागद परत त्या पानात घातला आणि पुस्तक मिटलं.